नाहीबाईचं वळण

गाव सोडून रस्ता निघतो तो पट्टीने आखल्यासारखा. वाटेत टेकडी नाही, ओढा नाही, नुसतं सपाट माळरान. तरीही एका जागी तो एकाएकी डावीकडे फुगतो, कशाला तरी वळसा घालतो आणि काही घडलंच नाही असा चेहरा करून पुन्हा आपल्या रेषेवर येतो. नकाशात तो फुगवटा करंगळीच्या नखाएवढा दिसतो. त्याच्या कडेला बारीक तिरप्या अक्षरांत लिहिलेलं होतं : नाहीबाईचं वळण.

ही शीट धाकटीच्या टेबलावर आली तेव्हा तिच्या आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते.

घरात ती सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. आता केस पांढरे व्हायला लागले तरी धाकटीच. शहरातल्या नकाशा कार्यालयात, नावांच्या विभागात ती कामाला होती. नकाशावर जे जे नाव छापायचं ते तिच्या नजरेखालून जायचं. दिवसभर हे काम केल्यावर एखादीने नकाशाचं तोंडही पाहिलं नसतं. पण धाकटी जेवणाच्या सुट्टीत जुन्या शीटा उलगडून बसायची आणि कुणी कधी न ऐकलेली गावं शोधायची. सापडलेलं गाव रविवारी फोनवर आईला सांगायचं, हा दोघींचा ठरलेला शिरस्ता होता. आई तब्येत विचारायची नाही, जेवलीस का विचारायची नाही. फोन उचलला की पहिला प्रश्न, "हं, काय सापडलं?"

एकदा तिला 'अर्धा पूल' नावाचं गाव सापडलं. ठेकेदार अर्धा पूल बांधून पळाला होता. मागाहून दुसऱ्याने तो पुरा केला, त्यालाही जमाना झाला, गाव मात्र अजून अर्ध्यावरच. आई म्हणाली, "बरं झालं. पुढच्या ठेकेदारांना कळायला नको?" दुसऱ्या एका रविवारी 'जोडेघाल' निघालं. दलदल संपून कोरडी जमीन लागते तिथलं गाव. हातात धरलेले जोडे वाटसरू तिथे पायात घालायचे. "हे नाव शहाण्या माणसाने ठेवलंय," आईने निकाल दिला. "उपयोगाचं आहे."

धाकटीला सगळ्यांत आवडलं होतं ते 'रुसवा'. दोन घरांची वस्ती. भावाशी भांडून एक भाऊ गाव सोडून निघाला आणि माळावर घर बांधून राहिला. त्या घरातून थोरल्याच्या घरातला दिवा दिसायचा. आई हसली होती. "दिवा दिसेल इतक्याच लांब गेला ना? मग कसला रुसवा तो!"

आता रविवारी फोन करायला कुणी नव्हतं. गावं मात्र सापडायची थांबली नव्हती.

आणि सापडलं ते हे. शीटवर नाव पाहिलं तेव्हा धाकटीला हसू आलं आणि हात सवयीने फोनकडे गेला. कारण नाहीबाई म्हणजे तिची आई.

शीटला एक कागद टाचलेला होता. गावच्या नगर परिषदेचा ठराव. 'सदर ठिकाणाचे प्रचलित नाव असभ्य व प्रगतीस मारक असल्याने यापुढे ते प्रगती चौक या नावाने ओळखले जावे.' धाकटीने तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. चौक? तिथे रस्ता दोनच दिशांना जातो, एक यायची आणि एक जायची.

*

आईचं पंक्चरचं दुकान होतं. नवरा तरुणपणीच गेला, त्याच्यामागे जॅक, पाने आणि एक चेपलेलं घमेलं राहिलं. त्यावर तिने दोन पोरं वाढवली. घमेल्यात पाणी भरून ट्यूब बुडवायची, बुडबुडा निघाला की तिथे अंगठा दाबायचा, ट्यूब पुसायची, घासायची, सोल्यूशन लावून ठिगळ मारायचं. तिच्या तळहाताच्या रेषांत काळं इतकं मुरलेलं की हात बघून भविष्य सांगणारा आला असता तर त्याला बाकी काही दिसलंच नसतं. बाईच्या हातचं पंक्चर टिकेल का, अशी शंका एखाद्याने काढलीच तर आई ट्यूब परत त्याच्या हातात ठेवायची. "टिकवा मग तुम्हीच."

दुकानाशेजारी हापसा होता. मागच्या मजूर वस्तीतल्या सगळ्या बायका तिथे पाणी भरत. नवा रस्ता आखला गेला तेव्हा रेषा नेमकी हापशावरून गेली. साहेब म्हणाले, रस्ता झाला की पलीकडे नवा हापसा देऊ. आई म्हणाली, "आधी द्या." साहेब म्हणाले, होईल हो ते. मग आईने आपला बाक, घमेलं, जॅक सगळं उचललं आणि हापशाच्या ओट्यावर मांडलं. तिथेच गिऱ्हाईक करायला लागली. मुकादम आला, "बाई, हलता का?" "नाही." साहेब आले, "तुम्हाला दुसरीकडे जागा देतो." "नाही." पोलीस आले, तेही पंक्चर काढून घेऊन गेले. मुकादम रोज संध्याकाळी वर कळवायचा, काम अडलंय, ती नाहीबाई बसलीय. शेवटी ज्याला घाई होती त्याने रेषा वळवली. रस्ता हापशाला वळसा घालून गेला आणि मुकादमाने जाता जाता शिवी द्यावी तसं ते नाव मागे सोडलं.

हापशाला अजून पाणी येतं.

*

मोठ्या बाई, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख, कमी बोलणाऱ्या होत्या. धाकटीने आक्षेपाचा अर्ज पुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो वाचून बाजूला सारला.

"मुलगी म्हणून आक्षेप घेताय?"

"हो."

"मग त्या शीटला आता तुम्ही हात लावायचा नाही. जागेवरची तपासणी पायपीट करतील."

पायपीट हे कार्यालयातले जुने सर्वेअर. आयुष्य चालण्यात गेलं, म्हणून हे नाव. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी तपासलेल्या नावावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, कारण ते नियमाला चिकटून चालत. नावांच्या तपासणीचा नियम असा की नाव कधी विचारायचं नाही. नाव विचारलं की माणूस सावरून बसतो, काय सांगितलं तर बरं दिसेल याचा विचार करतो. म्हणून रस्ता विचारायचा. बस कुठे थांबते, सावली कुठे मिळेल, पाणी कुठे मिळेल, असलं काहीतरी. बोलण्याच्या ओघात तोंडातून जे पडेल ते नाव. तिथे राहणाऱ्या तीन वेगवेगळ्या घरच्या माणसांच्या तोंडून तेच पडलं तर पक्कं. ज्याचा नावाशी संबंध, त्याच्या घरचं कुणी धरायचं नाही.

"आणि तीन नाही मिळाली तर?"

"तर ठराव राहील," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या जाताहेत ते. परवा शीट छपाईला. तुम्ही कुठे आहात उद्या?"

"गावीच. आईची खोली आवरायचीय. आधीच ठरलेलं आहे."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते नाव तुमच्या तोंडातून बाहेर पडायचं नाही. एकदासुद्धा. तुम्ही बोललात आणि दुसऱ्याने उचललं तर तपासणी फुकट. कळलं ना?"

नाहीबाईच्या मुलीला दिवसभर तोंड बंद ठेवायला सांगणं म्हणजे शिक्षाच होती. पण तिने मान डोलावली.

*

सकाळच्या बसमध्ये पायपीट तिच्या दोन बाकं पुढे बसले होते. ओळखही दाखवली नाही. त्यांच्या शर्टाच्या कॉलरला डाव्या बाजूला तीन टाचण्या होत्या. सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं, एक साक्ष पक्की झाली की एक टाचणी उजव्या बाजूला जाते. संध्याकाळी ते शहरात परत आले की लोक आधी त्यांची कॉलर बघत.

वळण आलं. रस्त्याच्या कडेला नवी कोरी निळी पाटी उभी होती, प्रगती चौक. पोरसवदा कंडक्टरने पाटी वाचूनच ओरडून टाकलं, "प्रगती चौक! प्रगती चौकवाले उतरा!"

कुणी उठलं नाही. बस उभी. कंडक्टरने पुन्हा ओरडून पाहिलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मग खिडकीपाशी पेंगणाऱ्या एका म्हातारीने डोळे उघडून बाहेर पाहिलं आणि एकदम बोचकं छातीशी धरून उठली.

"अगं बाई, हे तर नाहीबाईचं वळण आलं! नीट सांगायला काय होतं रे मेल्या? आत्ता पुढे गेले असते ना मी!"

"आजी, पाटीवर प्रगती चौक आहे."

"पाटीला उतरव मग. मी राहते इथे."

सगळी बस हसली. धाकटीने खाली बघून ओठ दाबले. उतरताना तिने पाहिलं, पायपीटांचा हात कॉलरकडे गेला होता.

*

दुकान आता आईच्या वेळचं राहिलं नव्हतं. दादाने त्याचं टायरचं मोठं दुकान केलं होतं. समोर काच, आत टायरांच्या उतरंडी, हवा भरायचं मशीन. मागच्या बाजूला आईची खोली तेवढी तशीच. वहिनीने दार उघडून दिलं आणि म्हणाली, "मी कशाला हात लावला नाही हो. तुम्ही आल्यावरच म्हटलं."

धाकटी आवरायला बसली. आवरण्यासारखं फार नव्हतंच. चार कपडे, चष्मा, जुना पाना, त्याच्या मुठीला ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तो पाना तिने हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. रबराचा वास होता. आईचा वास म्हणून जगात वेगळा असा काही नव्हताच, रबर आणि सोल्यूशन, बस.

दादा दारात येऊन उभा राहिला.

"अर्ज मागे घे," तो म्हणाला.

"आल्या आल्या?"

"मग कधी सांगू, छापून आल्यावर? धाकटे, तुला शहरात बसून गंमत वाटते. मी इथे धंदा करतो. दुकानाच्या पत्त्यातच 'नाही' असल्यावर गिऱ्हाईक हो कशाला म्हणेल? कंपनीचा माणूस येतो, पत्ता वाचतो आणि हसतो. तोंडावर हसतो."

"हसू दे की. टायर तर देतो ना?"

"तुझं हे असंच." दादा आत आला, खाटेच्या कडेवर बसला. आवाज खाली आला. "तू लहान होतीस. तुला काय आठवतंय? मुकादमाची माणसं ट्रकमधून जायची आणि ओरडायची. नाहीबाई, नाहीबाई. गळा काढून. आई मान वर करायची नाही, ठिगळ मारत बसायची. एकदा दुकान बंद करून आत आली आणि इथे, ह्या भिंतीकडे तोंड करून रडली. मी पाहिलंय. तिला टोचायला ठेवलेलं नाव आहे ते. ते तू छापणार? कायमचं?"

धाकटी भिंतीकडे बघत राहिली. हे तिला खरंच माहीत नव्हतं. आईने इतक्या रविवारी इतक्या गावांवर निकाल दिले, पण स्वतःच्या नावाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं आणि धाकटीनेही विचारलं नव्हतं. आता कुणाला विचारणार?

"तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, दादा," ती शेवटी म्हणाली. "पण त्या नावामागे हापसा आहे. प्रगती चौकामागे काय आहे?"

"पाटी आहे," दादा म्हणाला आणि स्वतःच्याच उत्तरावर चिडून बाहेर गेला.

*

दुपारी ती पाना हातात घेऊनच दुकानाच्या काचेशी येऊन बसली. तिथून हापसा, पाटी आणि वळणाचा पूर्ण वळसा दिसत होता. पायपीट वस्तीच्या अंगाने आले तेव्हा उजव्या कॉलरला दोन टाचण्या होत्या. दुसरी कुठे मिळाली ते नंतर कळलं. वस्तीतल्या शिंप्याला त्यांनी पाणी कुठे मिळेल म्हणून विचारलं आणि तो शिवता शिवता मान न उचलता म्हणाला होता, "असे सरळ जा, नाहीबाईच्या वळणावर हापसा आहे, गोड पाणी आहे."

तिसरी मात्र अडली. शहराचा माणूस आलाय ही बातमी गावात पोचली होती आणि नगर परिषदेच्या अध्यक्षांची माणसं पाटीखाली येऊन उभी राहिली होती. पायपीट जिकडे जातील तिकडे मागून दोघे-तिघे जात. त्यांनी कुणाला काही विचारायचा अवकाश, की ह्यांचं सुरू.

"इथे सावली कुठे मिळेल हो?" पायपीटांनी एका भाजीवालीला विचारलं.

"प्रगती चौकात, साहेब!" मागून कोरस.

भाजीवाली घाबरून गप्प.

थोड्या वेळाने पायपीटांनी हात वर करून एका सायकलवाल्याला थांबवलं. "किती वाजले?"

"प्रगती चौकात चार वाजले, साहेब!" अध्यक्षांच्या माणसांनी ठणकावून सांगितलं.

सायकलवाला मनगटाकडे बघत म्हणाला, "अहो, पण माझ्यात तर साडेतीनच झालेत," आणि निघून गेला.

काचेआड धाकटीला हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. ऊन उतरायला लागलं होतं. शहराची शेवटची बस संध्याकाळी होती. पायपीट ओट्यावर टेकले आणि बूट काढून पाय दाबायला लागले. काच सरकवून एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पलीकडे पाणी भरणाऱ्या बाईला नुसतं म्हणायचं, काय गं, इथे राहतेस का, या अमुक वळणावर? जिभेच्या टोकावर आलेलं नाव तिने गिळलं. आईचं नाव चोरून छापून घ्यायचं नव्हतं.

तेवढ्यात अध्यक्षच आले. गाडीतून उतरले, ड्रायव्हरला पेट्रोल भरायला पिटाळलं आणि दुकानात शिरले. अंगाने भरलेला, बोलायला गोड माणूस. दादाने खुर्ची पुसून पुढे केली.

"ताई, तुमच्या आई म्हणजे आमच्या गावाचं भूषण," अध्यक्ष बसता बसता म्हणाले. "माझ्या स्कूटरचं पंक्चर त्यांनीच काढलेलं आहे. दोनदा."

"तिने काढलेलं दुसऱ्यांदा काढावं लागत नसे," धाकटी म्हणाली.

"दुसऱ्या चाकाचं हो!" अध्यक्ष हसले. मग पुढे झुकले. "हे बघा, भांडण नको. मला कळतं, मुलीचं मन आहे. म्हणून मीच एक पाऊल मागे येतो. प्रगती चौक राहू द्या बाजूला. आपण तुमच्या आईचंच नाव देऊ. खरं नाव, पूर्ण, तुमच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. संगमरवरी पाटी, वर 'मातोश्री', खाली 'चौक'. तुम्ही फक्त तो अर्ज मागे घ्या, उद्याच ठराव बदलून पाठवतो. नाहीतर सर्वेअरसाहेबांना तिसरं माणूस मिळालेलं नाही असं कानावर आलंय. मग प्रगती चौकच. तुमच्या आईचं काहीच उरणार नाही त्यात."

वहिनी आतल्या दाराशी येऊन उभी होती.

"धाकटे," दादा म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, अजिजी होती. "मानाने होतंय सगळं. हो म्हण. आईचं नाव दगडावर येईल. अजून काय पाहिजे?"

धाकटी ते नाव मनात म्हणून बघत होती. कागदोपत्रीचं नाव. आईच्या बापाने तरी त्या नावाने तिला हाक मारली होती की नाही कुणास ठाऊक. दवाखान्यात शेवटी नर्सने तेच नाव पुकारलं होतं आणि आई इकडेतिकडे बघत राहिली होती, कुणाला बोलावताहेत म्हणून. त्या नावाच्या बाईने काही अडवलं नव्हतं. ती पाटी वाचून उद्या कुणी विचारलं नसतं, की ही कोण, आणि रस्ता इथे वाकला का. मातोश्रींच्या पाट्या गावोगाव असतात, लोक त्यांना टेकून बसची वाट बघतात.

आणि हेही खरं होतं की बाहेर कॉलरला दोनच टाचण्या होत्या. आता ना म्हटलं तर उद्या कदाचित काहीच हातात नसेल. आई त्या भिंतीकडे तोंड करून रडली होती हेही खरंच होतं. धाकटीने मांडीवरचा पाना घट्ट धरला.

"नाही," ती म्हणाली.

"अहो, पण विचार तरी करा."

"नाही."

"दगडाचा खर्च परिषद करेल, तुम्हाला तोशीस नाही."

"नाही."

अध्यक्षांचा गोडवा उतरला. "आईवर गेलात अगदी," ते म्हणाले. तिला लागावं म्हणूनच ते बोलले होते. मग उठले आणि दार आपटून पायरीवर जाऊन उभे राहिले. गाडी नव्हती. त्यांनी फोन काढला.

"कुठे मेलास? गाडी घेऊन ये. प्रगती चौकात... प्रगती चौक! कुठला म्हणजे? आपला. अरे, पाटी लावली नाही का परवा? तूच शिडी धरली होतीस ना... स्टेशनकडे कशाला जातोस! ऐक, ऐक माझं, प्रगती चौक म्हणजे..." त्यांचा आवाज चढत गेला, मान लाल झाली. "अरे गाढवा, नाहीबाईच्या वळणावर ये! नाहीबाईच्या! हां. आत्ता कसं कळलं!"

ओट्यावर पायपीट बूट घालत होते. त्यांनी लेस बांधली, उठले आणि पायरीपाशी आले.

"अध्यक्षसाहेब, राहायला आपण गावातच?"

"म्हणजे काय! पिढ्यान् पिढ्या."

"बरं," पायपीट म्हणाले. डाव्या कॉलरची शेवटची टाचणी त्यांनी काढली, दोन बोटांत धरून पाहिली आणि उजवीकडे लावली.

अध्यक्षांना त्यातलं काही उमगलं नाही. ते गाडीची वाट बघत उभे राहिले.

काचेच्या आत दादाला मात्र अध्यक्षांच्या तोंडून पडलेलं नाव ऐकूनच उमगलं होतं. त्याने धाकटीकडे पाहिलं. ती रडत नव्हती, पण तिचा चेहरा बघवत नव्हता. तेवढ्यात बाहेर एक टेम्पो येऊन थांबला, मागचं चाक बसलेलं. कामाच्या पोरांना हाक न मारता तो स्वतःच बाह्या सारून बाहेर गेला आणि जॅक लावायला वाकला. वाकताना त्याच्या मानेचा बाक थेट आईसारखा दिसला.

"तो पाना दे इकडे," त्याने न वळता हात मागे केला.

धाकटीने आईचा पाना नेऊन त्याच्या हातात दिला.

"हा परत मिळणार नाही," तो म्हणाला. "दुकानात लागतो."

"ठेव," ती म्हणाली.

*

शेवटच्या बसला जुना कंडक्टर होता, निवृत्तीला टेकलेला. पायपीट पुढच्या बाकावर बसल्या बसल्या झोपले. धाकटी मागे खिडकीशी. मांडीवर आईचे चार कपडे आणि चष्मा. बस वळणाचा वळसा घेऊन सरळ रस्त्याला लागली तसा कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"कुठून बसलात?"

दिवसभर गिळलेला शब्द होता. आता तपासणी झाली होती, टाचण्या उजवीकडे गेल्या होत्या आणि नियम संपला होता. तरी ओठांपर्यंत येताना तो अडखळला.

"ह्या इथून," ती म्हणाली.

कंडक्टरने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुम्ही पंक्चरवाल्या बाईंच्या ना? धाकट्या? हनुवटीवरून ओळखलं." त्याने तिकिटांचा गठ्ठा काखेत मारला आणि शेजारच्या बाकाला टेकला. "मी नवीन लागलो तेव्हा इथे 'हापसा, हापसा' म्हणून ओरडायचो. एकदा तुमच्या आई बाजारातून येत होत्या. थांबा आला तरी उतरेनात. म्हटलं, बाई, तुमचा हापसा आला. तर म्हणतात, हापसा नाही, नाहीबाईचं वळण म्हण, मग उतरते. मला वाटलं चेष्टा करताहेत. म्हटलं, अहो, ते तर लोक तुम्हाला चिडवतात. तर म्हणाल्या, चिडवत होते. आता पत्ता आहे तो माझा. अख्खी बस खोळंबली. मला ओरडावंच लागलं हो! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिनाभर छळलं मला, तेव्हा कुठे जिभेवर बसलं."

तो हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला.

धाकटी खिडकीबाहेर बघत होती. मागे दूरवर दुकानातला दिवा लागला होता. बस पुढे जात होती आणि तो लहान होत होता, पण दिसत होता.

"बरं, तिकीट," कंडक्टर म्हणाला. "कुठून म्हणालात?"

"नाहीबाईचं वळण," ती म्हणाली.

बसच्या खडखडाटात त्याला ऐकू आलं नसावं. त्याने कानाला हात लावला. "काय?"

धाकटी उठून उभी राहिली. दिवसभराचं सगळं साचलेलं छातीत भरून घेतलं आणि पायपीट दचकून जागे होतील, ड्रायव्हर आरशात बघेल, इतक्या मोठ्याने तिने ते पुन्हा म्हटलं.